फिनेलआत्या आणि भुताचा सिनेमा

फिनेलआत्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं उकळून देण्यात तिचा जन्म गेला होता. निवृत्त झाली तरी नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि खरीखुरी माशी घरात शिरली तर तिची धडगत नाही. भाच्याने लहानपणी हे नाव ठेवलं आणि बघता बघता गल्लीभर झालं. आत्याला त्याचा राग नव्हता. ज्या घराला सगळं गाव भूतबंगला म्हणतं, त्या घरातल्या बाईला फिनेलआत्या म्हणवून घेण्यात कमीपणा कसला? तिला तो मानच वाटायचा.

घराचा भूतबंगला झाला तो एका सिनेमापायी. आत्या तेव्हा शाळेत होती. वडील वारले त्याच वर्षी एका सिनेमा कंपनीने पुढचं सगळं घर भाड्याने घेतलं. आई, आत्या आणि कडेवरचा धाकटा भाऊ मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. पुढे त्या लोकांनी जे काही करून ठेवलं ते आठवलं की आत्याला अजूनही मळमळायचं. मोठाले पंखे लावून त्यांच्यापुढे मातीची भुकटी उधळली आणि भिंती, जिना, कपाटं सगळं माखून टाकलं. छतापासून चिकट रबराची कोळिष्टकं लोंबवली. पिंजऱ्यात भरून उंदीर आणले. परत नेताना ते मोजून घ्यावेत हे मात्र कोणाला सुचलं नाही. पुढे कितीतरी महिने तांदळाच्या डब्याला हात लावताना आत्याच्या अंगावर काटा यायचा.

"आईनं हार मानली नाही पण," हे सांगताना आत्याचा आवाज हटकून चढायचा. "रोज संध्याकाळी ती माणसं गेली की फडकं आणि बादली घेऊन पुढे जायची. सकाळी येऊन ते बोंबलायचे, कुणी पुसलं म्हणून. परत माती उडवायचे. ही परत पुसायची. शेवटी त्यांनीच हात टेकले."

आत्याने हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिला पुढच्या घरात पाऊल टाकायची शिसारी यायची. मधल्या दाराला कान लावून ती बादलीचा आवाज ऐकत बसायची, आणि आपली आई एकटी त्या घाणीशी लढते आहे या विचाराने तिचा ऊर भरून यायचा.

मग सिनेमा आला आणि असा काही चालला की विचारू नका. साधा काळा-पांढरा सिनेमा. त्यात कोणी नावाजलेला नट नाही, गाणं नाही, शेवटपर्यंत भूतसुद्धा दिसत नाही म्हणे. तरी लोक तेव्हा घाबरले, त्यांची मुलं घाबरली, आणि आता नातवंडं आपापल्या फोनवर पाहून घाबरत होती. या सगळ्यात आईचं नाव मात्र मातीत गेलं. "तुमच्याच घरी ना ती जळमटं?" लोक हसत हसत विचारायचे. नात्यातल्या बायका आल्या की खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने झटकायच्या. आईने हळूहळू लोकांना बोलावणं सोडलं, स्वतः कुठे जाणं सोडलं, आणि एक दिवस गेलीसुद्धा. आत्याने त्या सिनेमाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि आजवर ते पाळलंही होतं.

सिनेमा तिचं तोंड पाहायला यायचा तो यायचाच. त्याचे चाहते हात धुऊन मागे लागले होते, म्हणजे हात न धुताच. कोणी फाटकावर आपलं आणि बायकोचं नाव खरवडायचा. कोणी भिंतीचा पोपडा काढून आठवण म्हणून खिशात घालायचा. रविवारी पोरांचं टोळकं येऊन सिनेमातली वाक्यं ओरडायचं, आणि जाताना एखादा कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा. आत्या बादली घेऊन तयारच असायची. एकदा तिने फिनेलचं पाणी भिंतीऐवजी माणसावरच ओतलं होतं आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नव्हतं.

अशात चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष भाच्याची ओळख काढून घरी आला. दातांचा डॉक्टर होता. नखं कापलेली, हात स्वच्छ, म्हणून आत्याने त्याला आत तरी घेतलं. सिनेमाला इतकी वर्षं झाली, तर ज्या दिवाणखान्यात तो घेतला तिथेच सगळ्यांनी बसून एकदा पाहायचा, अशी त्याची इच्छा होती.

"माझ्या घरात पुन्हा ती घाण नको," आत्याने एका वाक्यात निकाल लावला.

डॉक्टर गेल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, आजीचं घर कसं होतं ते तू मला हजारदा सांगितलंस. त्या लोकांना एकदा सांग ना. त्यांनीच ऐकायला हवं."

हे आत्याच्या मनात बसलं. तिने होकार कळवला, पण एका अटीवर: सिनेमा संपला की ती बोलणार आणि सगळ्यांनी ऐकून घेऊनच जायचं. आईच्या नावाला फासलेली माती एकदाची धुऊन निघेल, याच एका आशेवर तिने ठरलेल्या शनिवारपर्यंतचे दिवस काढले.

शनिवारी दुपारपासून मंडळी येऊ लागली. दाराशी ओळीने पायपुसणी मांडलेली असताना लोक ती ओलांडून आत आले. एका मुलीच्या कानात कोळ्याच्या आकाराचे डूल होते. एकाने पडदा लावायला भिंतीला चिकटपट्टी लावली, तेव्हा आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. चिवड्याच्या पुड्या फुटल्या, बोटं चाटून झाली, तीच बोटं तिने सकाळी पुसलेल्या खिडकीला लागली. आत्या मागे भिंतीशी बसली, मांडीवर ओलं फडकं घेऊन.

सिनेमा सुरू झाला. घर दिसलं. जिना, कमान, जेवणाचं लांब टेबल, आणि सगळ्यावर ती माती. आत्याने तोंडावर रुमाल धरला. इतक्या वर्षांनीही तिला घशात ती भुकटी जाणवली. लोकांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नटाच्या आधीच त्याची वाक्यं म्हणत होते, उंदीर पळाला की टाळ्या वाजवत होते. असल्या घाणीत कोणाला गोडी वाटावी, याचंच तिला नवल वाटत होतं. माणसं आहेत का डुकरं, ती मनात म्हणाली.

मग नायिका कंदील घेऊन जेवणघरात आली आणि दिवाणखान्यातला आवाज एकदम बंद झाला. एकाचा हात पुडीतच राहिला. कंदिलाचा उजेड धुळीने बरबटलेल्या एकेका खुर्चीवरून सरकत गेला आणि टोकाच्या खुर्चीवर थांबला. ती खुर्ची स्वच्छ होती. लाकूड चकचकीत, आणि डाव्या हातावर बसवलेली पितळेची पट्टी लख्ख घासलेली. बस्स, एवढंच. किंकाळी नाही, संगीत नाही.

"सगळा सिनेमा या खुर्चीवर उभा आहे, आत्या," डॉक्टर हलकेच म्हणाला. "घर उजाड झालंय, आणि तरी कोणीतरी रोज ती खुर्ची पुसून ठेवतंय. जो गेला तो येऊन बसेल म्हणून. हाच सिनेमा पुन्हा रंगीत काढला, त्यात खुर्चीत म्हातारा बसवला, तर लोक हसले. रिकामी खुर्ची पाहून अजून कोणी हसलेलं नाही."

आत्याच्या ओठांवर उत्तर तयार होतं. कोणीतरी नव्हे, माझी आई. आणि एक खुर्ची नव्हे, सगळं घर. पण पडद्यावर खुर्चीला लागूनच टेबल होतं, आणि त्यावर माती जशीच्या तशी बसलेली. शेजारची खुर्ची तशीच, जमीनही तशीच. घर पुसणाऱ्या बाईचं फडकं निदान टेबलाच्या कडेवरून तरी फिरलं असतं. इथे ते एका खुर्चीवरून फिरलं होतं आणि पुन्हा बादलीत गेलं होतं.

ती वडिलांची खुर्ची होती. ते त्या हातावर रेलून पेपर वाचायचे. लाकूड फाटलं तेव्हा पट्टी त्यांनीच ठोकली होती, जराशी वाकडी.

आई घाणीशी लढत नव्हती. आईला घाण दिसतसुद्धा नसावी. आत्याने आईच्या नावाने जन्मभर जे घासलं, पुसलं, उकळलं, ते आईने कधी मागितलंच नव्हतं.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, "आता आत्या बोलणार आहेत," आणि सगळे मागे वळले. आत्या भिंतीचा आधार घेऊन उठली.

"आईनं घर पुसलं नव्हतं," ती म्हणाली. "ती एक खुर्ची पुसली होती. माझ्या वडलांची."

डूलवाली मुलगी डोळे पुसायला लागली. डॉक्टर उठून जवळ आला. "आत्या, ती खुर्ची आहे अजून?"

सगळे कोपरे शोधू लागले. आत्याची नजर कमानीतून जेवणघरातल्या टेबलाच्या टोकाकडे गेली. तिथे काही नव्हतं. तिला इस्पितळात नोकरी लागली त्या वर्षी खुर्चीला कीड लागली होती. रोज खाली पिवळा भुसा सांडायचा, आणि तो झाडताना तिला ओकारी यायची. एका सकाळी आई आंघोळीला गेलेली असताना तिने भंगारवाल्याला हाक मारली. आई केस पुसत बाहेर आली, त्या रिकाम्या जागेशी थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. त्यानंतर ती टेबलावर कधी जेवली नाही, स्वयंपाकघरात उभ्यानेच खायची. टेबल स्वच्छ राहतं म्हणून आत्याला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आत्याला स्वतःच्या हातांची किळस आली. तिने फडकं बाजूला ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "कीड लागली होती. मी टाकली."

भाचा पाण्याचा पेला घेऊन पुढे आला. तिने तो घेतला नाही.

"आई तेव्हा होती," आत्या म्हणाली. "घरातच होती."