बारा काचा

हे वर्षाच्या बापालाही माहीत नाही. देवापुढंही कधी बोलले नाही — तो काही उलटून विचारत नाही, मग सांगायचं कशाला? तुम्हाला सांगते. मी चौथी शिकलेली बाई, मला लांबण लावता येत नाही. तरी बघा, सुरुवातीलाच आडवाटेला लागले.

वर्षा माझी नात. नागपूरला कॉलेजात पेशींवर काम करायची. गालाच्या आतून काडीनं हलकं खरवडायचं, काचेवर लावायचं, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. पेशीच्या आत एक गोल ठिपका असतो — केंद्रक. त्यात काय बघायचं, असं मी विचारलं, तर मला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर घेऊन गेली.

"आजी, तलावातून पाट निघते, पाटातून नाली, नालीतून आणखी बारकी नाली. कितीबी जवळ जाऊन पाहा, फाट्याले फाटा. त्या ठिपक्यात असंच जाळं आहे. लहानपणी एका तऱ्हेचं, म्हातारपणी दुसऱ्या. ते किती गुंतलं, तेच मी मोजून राहिली."

मला समजलं. जन्मभर धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात पाणी वळवलं आहे मी.

लेकरांच्या, तरण्या माणसांच्या काचा तिनं जमवल्या होत्या. राहिल्या म्हाताऱ्या. तेवढ्यात तिची परीक्षा आली. बारा काचा, काड्या, स्पिरिटची बाटली आणि एक वही माझ्याजवळ ठेवून ती दिघोरीला जाऊन एसटीत बसली. जाताना म्हणाली, "प्रत्येकीले विचारून घेजो, आजी. नाही म्हणली त राहू दे."

राहू दे म्हणाली होती. हे लक्षात ठेवा.

धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या टोळीत मी पुढं असायची. मी म्हणेन त्या बांधीत बाया उतरायच्या. त्यांच्या बाळंतपणाला मी, घरात मयत झाली तर पहिली मी. म्हणून घरोघर गेले. काय झालं असेल?

"काहून वं शेवंते, आता आमची थुकीबी नागपूरले विकते का तुयी नात?"

"मेल्यावर ने म्हणा माहं तोंड. आता मले तंबाखूचा खर्रा खायाले लागते."

हसल्या. सगळ्या हसल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं ज्यांच्यासोबत चिखलात वाकले, त्यांनी बोटभर काडीसाठी मला दारातून परत पाठवलं. तो दगा मला अजून बोचतो. पण त्यांचा दगा सांगायला मी बसलेली नाही.

वर्षाला काय सांगणार होते — की तुझ्या आजीच्या हाकेला आता कोणी येत नाही?

दुपारी दार लावलं. तोंडातली नेहमीची सुपारी थुंकले आणि माझाच गाल खरवडला. बारा वेळा. शेवटी रक्त आलं. वहीत त्या बायांची नावं लिहिली, वयंही — कोणी साठ, कोणी पंच्याऐंशी. अक्षर चांगलं काढलं.

परीक्षा झाल्यावर वर्षा येऊन काचा नि वही घेऊन गेली. दोन महिन्यांनी पुन्हा आली. तोंड उतरलेलं. साठीच्या बाईच्या जाळ्याचा आकडा आणि पंच्याऐंशीच्या बाईचा आकडा एकमेकांना चिकटून आले होते. बाराही काचांवर सुपारीचे तेच कण. तिचे सर म्हणाले होते, हे एकच तोंड आहे, तू घरी बसून काचा भरल्यास.

"आजी, तूच घेतल्या ना सगळ्यायच्या?"

"मंग? मी खोटी बोलन का?"

तिनं लगेच मानलं. म्हणाली, "मंग माह्या हातूनच काही चुकलं. उद्या घरोघर जाऊन मीच पुन्हा घेतो."

इथं मी घाबरले. ती घरोघर गेली असती तर बाया काय बोलल्या असत्या? आणि तेव्हा मी जे बोलले ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही — मी म्हणाले, "कायले जातं? तुयं काही चुकलं नाही. त्या सरानंच बदलवल्या असन काचा. तुयं काम त्याले आपल्या नावानं पायजे असन."

मी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

वर्षानं ते जाऊन त्यांच्या तोंडावर म्हटलं, चार लोकांसमोर. तिचं काम तिथंच संपलं. ज्यांनी तिला हाताला धरून शिकवलं त्यांनीच दगा दिला, असं ती आजही मानते. आता भंडाऱ्याला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. पेशींचं जाळं, पाट, नाली — पुन्हा कधी बोलली नाही. मागच्या रविवारी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, "आजी, तेव्हा एक तूच माह्यावर भरोसा ठेवला."

मी म्हटलं, "तेल कमी लाव."

सर खरं बोलले होते. एकच तोंड होतं. माझं.