एकच टिक आणि कागदी गुलाब

विलेमीन वेसलिंक ही बाई वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकून कुणाचाही तसा समज होईल. गावातल्या बेकरीच्या काउंटरवर तिचा जन्म गेला. दारात गिऱ्हाईक दिसलं की त्याचा पाव तिच्या हातात तयार असतो, आणि त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणंही तिच्या लक्षात असतं. कुणाकडे मूल झालं, कुणाकडे म्हातारं गेलं, विलेमीन सगळ्यांच्या आधी हजर. तिला सोसत नाही ती एकच गोष्ट. जे आपलं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला.

आणि हेर्मा तिची होती. आमच्या गल्लीत दोघींची घरं समोरासमोर. हेर्मा आधी, वर्षभरानं विलेमीन, अशा दोघी लग्न होऊन इथं आल्या आणि तेव्हापासून एकीच्या घरात काही शिजलं की दुसरीला वासावरून कळायचं. त्यात विलेमीन ही हेर्माची पहिली शेजारीण. हे काही प्रेमानं ठरत नाही, ज्याचं दार जवळ तो पहिला शेजारी. पण या भागात हा मान रक्ताच्या नात्याला भारी पडतो. जन्म असो, मरण असो, आधी पहिल्या शेजाऱ्याला हाक जाते. आणि एखाद्या जोडप्याच्या लग्नाला पंचवीस, चाळीस अशी वर्षं भरत आली की पहिल्या शेजारणीनं बाकीच्यांना बोलवायचं, सगळ्यांनी बसून कागदाचे गुलाब वळायचे, पाइनच्या फांद्यांची कमान बांधायची आणि त्या दिवशी उजाडताना ती जोडप्याच्या दारावर चढवायची. तिनं बोलावल्याशिवाय कुणी कागदाला कात्री लावत नाही. जोडप्याला यातलं काही माहीत नसतं. म्हणजे सगळं माहीत असतं, पण माहीत नाही असं वागायचं असतं.

हेर्मा आणि गेरिट यांच्या लग्नाला त्या ऑक्टोबरात चाळीस वर्षं होणार होती.

पण मध्ये ती आनेलोट आली. दूरच्या हार्लेम शहरातून आलेली, पस्तिशीची, गल्लीच्या टोकाचं जुनं शेत-घर घेऊन राहिलेली. ती थंडीतही तळ्यात पोहते म्हणे. एक दिवस हेर्मा तिच्याबरोबर गेली, दुसऱ्या दिवशी परत गेली, आणि मग रोजच जायला लागली. विलेमीनला पोहता येत नाही. लहानपणी कालव्यात पडली होती, तेव्हापासून गुडघ्यावर पाणी आलं की तिला घाम फुटतो. हेर्माला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं कधी विचारलं नाही. विलेमीनला मात्र न विचारल्याचंच लागलं.

अशात एका सकाळी तिनं हेर्माला मेसेज टाकला. 'सफरचंदाचा केक उरलाय, आणू का?' एक टिक आली. दुपारीही एकच टिक. संध्याकाळी पाहिलं तर हेर्माचा फोटोच गायब.

"अरे योहान, हेर्माचा फोटो गेलाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठं गेला?"

"फोनवरून गेला. नुसतं राखाडी बाहुलं दिसतंय."

"मग समोरच तर राहते. खिडकीतून बघ."

"खिडकीला पडदा ओढलाय."

"मग झोपली असेल."

"आत्ता? सहा वाजता?"

"मग माझ्यापेक्षा सुखी आहे," असं म्हणून योहाननं पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. त्याचा फोन बटणांचा, त्याच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं.

पडद्याचं मात्र खरंच होतं. आमच्याकडे कुणी पडदे ओढत नाही, लपवण्यासारखं काही नाही हे लोकांना दिसलेलं बरं असतं. हेर्माच्या स्वयंपाकघराची खिडकी विलेमीनच्या अंगणाकडे आणि कोठाराकडे उघडते, आणि ती कधी झाकलेली विलेमीनला आठवत नव्हती. आता दिवसाढवळ्या पडदा, आणि हेर्मा पुढच्या दारानं बाहेर पडायचीही थांबलेली. मागच्या दारानं, कुंपणाला लागून, चोरासारखी सायकल काढायची.

विलेमीननं व्हॉट्सॲपवरून फोन लावून पाहिला, तो लागलाच नाही. 'शेवटचं कधी पाहिलं' तेही दिसेना. फोन बिघडला असेल म्हणावं, तर गल्लीच्या ग्रुपवर हेर्मानं सकाळीच लिहिलं होतं, 'कचऱ्याचा डबा वाऱ्यानं पडलाय, कुणाचा?' म्हणजे फोन धडधाकट होता. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी.

तरी एक खात्री बाकी होती. बेरेंड हा शेजारचा म्हातारा शेतकरी पाव घ्यायला आला, तेव्हा तिनं पाव हातातच धरून ठेवला.

"बेरेंड, तुझ्या फोनवर हेर्माचा फोटो दिसतो का रे?"

"पाव देतेस की नाही?"

"आधी बघ."

बेरेंडनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन हातभर लांब धरला. "दिसतो की. लाल टोप्या घालून दोघी पाण्यात उभ्या आहेत. ही आणि ती हार्लेमची. मस्त हसतायत. का गं? मला वाटलं चुकून परत गुलाबांचं आमंत्रण पाठवलंस कुणाला, माझ्या वेळेसारखं."

विलेमीन हसली नाही. दोघी हसतायत, एवढंच तिच्या कानात राहिलं. सगळ्या जगाला दिसतो तो फोटो मला दिसत नाही. म्हणजे तिनं बसून, माझं नाव शोधून, त्यावर बोट ठेवून मला बंद केलंय. आणि ते करताना ती हार्लेमवाली शेजारी बसली असणार, ओले केस पुसत.

खरं सांगायचं तर रागापेक्षा मत्सरच जास्त होता. काउंटरवर उभ्या उभ्या तिला त्या दोघी तळ्यावर दिसायच्या, थर्मासमधला चहा वाटून घेताना. तो थर्मास तिनंच हेर्माला दिलेला होता. जेवण जाईना. योहान म्हणाला, डॉक्टरकडे जा. असल्या दुखण्यावर डॉक्टर काय देणार!

शेवटी तिनं लिहिलं. 'त्या हार्लेमवालीबरोबर पोहत बस. दारावर गुलाब हवे असतील तर तेही तिच्याकडूनच करून घे.' पोचणार नाही हे ठाऊक असूनही पाठवलं. एक टिक उमटली आणि तिथंच राहिली.

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. दिवस जवळ येत होता, आणि विलेमीननं कुणालाही बोलावलं नाही. बेरेंड एकदा विचारून गेला, "फांद्या कधी तोडायच्या?" ती म्हणाली, "बघू." दोनदा विचारायची इथं पद्धत नाही. पहिल्या शेजारणीनं 'बघू' म्हटलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. तशी सगळी गल्ली गप्प बसली. हेर्माच्या दारावर त्या दिवशी काहीच नसेल, तेव्हा कळेल तिला, या विचारावर विलेमीनला जरा झोप लागायची.

आणि मग गुरुवारी फोन वाजला. आनेलोटनं एक नवा ग्रुप काढला होता, आणि त्यात विलेमीनलाही घातलं होतं. 'उद्या संध्याकाळी गुलाब, माझ्या कोठारात! कागद आणलाय. वळायचे कसे ते कुणीतरी शिकवा.'

विलेमीननं एप्रनही सोडला नाही. सायकलवर टांग टाकली ती थेट गल्लीच्या टोकाला.

"तुला कुणी सांगितलं लोकांना बोलवायला?"

आनेलोट दारातच दचकली. "कुणीच नाही. म्हणून तर बोलावलं. रविवारी दिवस आहे त्यांचा. मला वाटलं, तुम्हाला बरं नसेल."

"मला काय धाड भरलीय! हा मान माझा आहे. तुमच्या हार्लेमला असेल, आला तो पाटील. इथं नसतं तसं."

"मला खरंच माहीत नव्हतं. हेर्मा तर म्हणायची, विलेमीन आहे ना, सगळं तिच्या हातात सोडलंय, मला काळजीच नाही. फक्त तुमचे मेसेज तेवढे बंद केलेत म्हणाली."

"ते का, तेही सांगितलं असेल ना तुला?"

"हो." आनेलोटला हसू दाबता येईना. "बेरेंडच्या वेळी म्हणे तुम्ही 'गुरुवारी गुलाब आमच्याकडे, बेरेंडला पत्ता लागू देऊ नका' हे बेरेंडलाच पाठवलं होतं. हेर्मा म्हणाली, या वेळी तिचा हात चुकला तरी माझ्यापर्यंत यायला नको. चाळीस वर्षं एकदाच होतात. पडदाही त्यासाठीच ओढलाय तिनं. तुमच्या कोठारात फांद्या ठेवलेल्या दिसू नयेत म्हणून बिचारी मागच्या दारानं जाते."

विलेमीनच्या स्वतःच्या लग्नाची पंचवीस वर्षं भरत आली होती, तेव्हा तीही अशीच मागच्या दारानं जायची, पडदे ओढून बसायची. गल्लीत वाढलेल्या पोरालाही कळलं असतं. तिला कळलं नाही, कारण ती दार बघतच नव्हती, ती लाल टोप्या बघत होती. लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली. पण त्या लाजेतही एक सल होताच. हे मला या बाईकडून कळावं!

शुक्रवारी ती गल्लीच्या टोकाच्या कोठारात गेली आणि शेवटच्या खुर्चीवर बसली. आनेलोटचे गुलाब कोबीच्या गड्ड्यांसारखे होत होते. विलेमीननं ते एकेक उलगडले आणि नीट वळून परत ठेवले. "ओहो, आली का बाईसाहेब," बेरेंड म्हणाला, आणि त्यानं कागदाचा गठ्ठा तिच्यापुढं सरकवला.

रविवारी उजाडताना कमान चढली. लाल गुलाब, हिरवी पाइन, वरती चाळीसचा आकडा. गल्ली दारापुढं उभी राहिली, आणि हेर्मानं कितीतरी दिवसांनी पुढचं दार उघडलं. दोन्ही हात गालांवर ठेवून तिनं रीतसर आश्चर्य दाखवलं. मग डोळे खरेच भरले.

"विलेमीन! मला ठाऊकच होतं. किती सुंदर केलंस गं!"

आनेलोट मागं उभी होती. ती काही बोलली नाही, बुटांकडे बघत राहिली. विलेमीनच्या ते लक्षात आलं. ही बाई सगळं श्रेय तिला फुकट देत होती. आता हाही मोठेपणा हिनंच घ्यायचा? ते मात्र विलेमीनला गिळवेना.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "हिनं बोलावलं सगळ्यांना. मी कुणाला बोलावलंच नव्हतं."

गेरिट टाय सारखा करता करता थांबला.

"का गं?" हेर्मानं विचारलं.

"तू मला ब्लॉक केलं होतंस."

"अगं, ते तर..."

"आता कळलं मला. तेव्हा नव्हतं कळलं."

हेर्मानं हात पुढं केला. "फोन दे. काहीतरी लिहिलंच असशील तू. मी ओळखते तुला."

विलेमीननं फोन दिला. हेर्मानं वाचलं. परत वाचलं. एक टिक अजून तशीच होती.

"तू सांगितलंस तसंच झालं की मग," ती म्हणाली, आणि फोन परत दिला. "मी रोज मागच्या दारानं जात होते, विलेमीन. तुझ्या भरवशावर."

आत टेबलावर ब्रँडीत मुरवलेल्या मनुक्यांची बरणी निघाली. पहिला पेला पहिल्या शेजारणीला द्यायचा असतो. हेर्मानं तो विलेमीनलाच दिला, काठोकाठ भरून, काही हातचं न राखता. मग ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आनेलोटशेजारी बसली. विलेमीन चमच्यानं एकेक मनुका खात राहिली. कशालाही चव नव्हती.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, तेव्हा फोन थरथरला. हेर्माचा फोटो परत आला होता. लाल टोप्या, दोघी हसताना. खाली लिहिलं होतं, 'उद्या सकाळी तळ्यावर ये. पाणी बर्फासारखं आहे. तिसरी टोपी आणून ठेवलीय.'

विलेमीननं समोर पाहिलं. खिडकीचा पडदा बाजूला सारलेला होता, पण आत कुणी दिसत नव्हतं. तिनं लिहिलं, 'ती पण येणार का?' आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, 'मला पोहता येत नाही, विसरलीस?' तेही पुसलं.

मग तिनं लिहिलं, 'येते.'

दोन टिक आल्या, आणि लगेच निळ्या झाल्या.