आटपाडीच्या पाहुण्यांसमोर अडकलेला खांदा

माझा दुखरा खांदा मेहुण्यानं बरा करायला घेतला, त्याच दिवशी माझ्या लेकीला बघायला आटपाडीचे पाहुणे यायचे होते.

त्याआधी मी कराडच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊन आलो होतो. त्या म्हणाल्या, "काका, हात उचलतो तो बाहेरचा मोठा स्नायू. पण हाड खोबणीत धरून ठेवतात ते आतले बारके स्नायू. तेच दुखावलेत. पुढं वाका, हात लोंबता सोडा, हळू झुलवा. डोक्यावर वजन न्यायचं नाही."

झुलवा म्हणे! उसाच्या मोळ्या ट्रॉलीत फेकलेला माणूस मी, आता म्हशीच्या शेपटीसारखा हात हलवू? (फी मात्र मोठ्या स्नायूचीच घेतली!)

मेहुणा बाजीराव फौजेतून निवृत्त झालेला. उभी नोकरी भांडारात कांबळी मोजण्यात गेली, पण बोलणं सगळं कमांडोचं! "दाजी, बारकं स्नायू सोडा! मोठा फुगवा, बाकीचं गप बसत्यात!" असं म्हणून त्यानं मला घट्ट टी-शर्ट घातला आणि हातात पाण्याचा भरलेला कॅन दिला.

"डोक्यावर! अजून वर!"

खांद्यात 'कट्ट' झालं. कॅन बाजीरावानं झेलला. हात वरच राहिला.

तेवढ्यात बायको धावत आली. "आवं, पाव्हणं उंब्रजच्या फाट्यावर आल्यात! कापडं बदला!"

टी-शर्ट नाकापर्यंत चढला आणि तिथंच ठाण मांडून बसला. बाजीराव वर ओढतोय, बायको खाली!

"दाजी, सावधान उभं ऱ्हावा!"

"आरं, नाक! नाक निघालं माझं!"

आणि पाहुणे दारात. मी उघड्या पोटानं, झाकल्या तोंडानं 'या' म्हणालो.

मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, हात खाली घ्या. आमी काय दरोडेखोर न्हाई!"

शेवटी लेकच कात्री घेऊन आली. तिनं टी-शर्ट कापला, मुलानं पुढं होऊन माझं कोपर अलगद तोलून धरलं. माझ्या पोटावरून दोघांची नजरानजर झाली, आणि कांदेपोहे यायच्या आत पसंतीही झाली! बाजीराव कोपऱ्यात चिंध्या गोळा करत होता.

मी खुर्चीत बसलो, हात अजून वर. मुलाचे वडील माझ्याकडं बघून हसले. "आता देण्याघेण्याचं काय बोलायचं? मुलीच्या बापानं आधीच हात वर केल्यात!"

खरं सांगतो, तेवढ्यात खांदा सुटला होता. पण बैठक मोडेपर्यंत मी हात खाली घेतला नाही!