कुठूनही होणारं काम

रानही पहिल्यांदा माझ्या खानावळीत आली तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, हे गाव कुठलं?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. तिची बस तर रात्रीपासून माझ्या मागच्या वाहनतळावर उभी होती. पण ती खरंच विचारत होती. मी बंदराचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पूर्व किनारा. बरोबर, आवाज मोठा येत होता समुद्राचा."

आमच्या बंदरात हिवाळा लागला की अशी गाड्यांत राहणारी माणसं येतात. 'येथे मुक्काम करू नये' अशी पाटी आहे, तिच्यावर ती आपले टॉवेल वाळत घालतात. मी त्यांना हाकलत नाही. आंबवलेल्या कोबीची किमची घालून गोमची माशाचं कालवण केलं की गरम गरम ओरपायला हीच माणसं येतात. गावातल्यांना त्याचं काय कौतुक?

रानही मूळची देगू शहराची. बाप शिंपी, जुने कपडे उसवून अंगाबरोबर करून देणारा. तिच्या हातात रंग होता. मोबाईलवर बोटाने सरकवत वाचतात त्या चित्रकथांना ती रंग भरायची. दर आठवड्याला नवा भाग निघतो. चित्र काढणारा वेगळा, त्याचं नाव मोठ्या अक्षरात. रंग भरणारी शेवटी, बारीक अक्षरात. काम देणारा स्टुडिओ सोलमध्ये, पण नोकरी नाही. पानं दिली तर पैसे, नाही दिली तर दुसरी कोणीतरी.

नवरा दोग्यू. घरोघर फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. जीभ अशी की समुद्रालाही यंत्र विकलं असतं. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "मी नोकरी सोडली. आपण घर सोडू. बस घेऊ. देश बघू. सोदामला चार भिंतींत वाढवायची नाही."

सोदाम त्यांची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची.

"आणि माझं काम?" रानहीने विचारलं.

"अगं, तुझं काम तर कुठूनही होतं!"

हे वाक्य तिला मग सगळ्यांनी ऐकवलं. सासूने, भावाने, मैत्रिणींनी. नशीबवान आहेस, तुझं काम कुठूनही होतं. कुठूनही होतं म्हणजे केव्हाही होतं आणि कशातही होतं, हे तिला बसमध्ये चढल्यावर कळलं.

बस शिकवणीच्या वर्गाची जुनी, मुलांची ने-आण करणारी. पुढे स्वयंपाक, मध्ये बिछाने आणि पार मागे, संडासाच्या डब्याला लागून, रानहीचं टेबल. टेबलासमोर मोठी खिडकी होती. तिच्यावर दोग्यूनेच काळा पुठ्ठा ठोकून दिला, कारण उजेड आला की पडद्यावरचे रंग फसवे दिसतात. हा त्याचा एक उपकार ती मला नेहमी सांगायची. तर अशी ती देश बघत होती. दक्षिणेची बेटं, जिरीचे डोंगर, पश्चिमेचा चिखलकिनारा, सगळीकडे तिच्यासमोर पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यासमोर बसून ती दुसऱ्यांच्या कथेतले समुद्र निळे करायची.

दोग्यूने व्हिडिओंचा चॅनेल काढला. सकाळी सोदामबरोबर खेकडे पकडणं, संध्याकाळी शेकोटी, मध्ये एखादा देवळाचा जिना. माणूस कॅमेऱ्यासमोर खुलायचा, ते खरंच. हळूहळू लोक बघू लागले. पण बघणाऱ्यांमुळे जे मिळायचं त्यात कॅमेऱ्याच्या नव्या भिंगापलीकडे काही येत नव्हतं. डिझेल, तांदूळ, बसची दुरुस्ती, सगळं मागच्या टेबलावरून यायचं. व्हिडिओत मात्र रानही दिसायची ती पाठमोरी. गंमत म्हणून. ती "जरा हळू बोला" म्हणाली की दोग्यू त्यावर बदकाचा आवाज टाकायचा. बघणाऱ्यांनी तिचं नावच पाडलं होतं, पाठबाई.

माझ्या खानावळीत सोदामने तिची नक्कल करून दाखवली होती. स्टुलावर उलटी बसली, खांदे कानाला लावले, एक हात मागे हलवला आणि म्हणाली, "शू! आज भाग द्यायचाय!" चार टेबलं हसली. दोग्यू सगळ्यांत मोठ्याने. रानही तोंडातला घास चावत राहिली.

"आई, हस ना!" सोदाम म्हणाली.

"हसते आहे की," रानही म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात ते परत आले तेव्हा रानहीचं उजवं मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हात बांधून ठेवा, काम बंद. तिने स्टुडिओच्या बाईला फोन लावला. तो माझ्यासमोरच, माझ्या गल्ल्यापाशी उभी राहून.

"हात दुखतोय? अरेरे. आराम करा हं, रानहीताई," पलीकडची बाई इतकं गोड बोलत होती की मला ऐकू येत होतं. "पुढचा भाग आम्ही एका नवीन मुलीला देतो. छान आहे ती. हौशी आहे. तिलाच चालू ठेवलं तर तुमची हरकत नाही ना?"

रानही म्हणाली, "नाही नाही, हात बरा आहे. अगदी थोडंच दुखत होतं."

आणि डाव्या हाताने रंग भरायला शिकली. दोग्यूने त्या बांधलेल्या हाताचा व्हिडिओ केला. शेवटी स्वतःच्या हाताने तिला सूप भरवलं. ते मी पाहिलं आहे. कॅमेरा बंद झाल्यावर चमचा तिच्या डाव्या हातात देऊन तो कालवांच्या बाजारात निघून गेला.

डाव्या हाताने काम दुप्पट वेळ खायचं. म्हणून मग ती जेवायलाही पुढे येईना. कानांवर ते गाणी ऐकायचे मोठे गोळे लावून बसायची. पोर काही मागायला आली की म्हणायची, "थोडं थांब." पोरगी थांबायची, मग बापाकडे जायची. बाप नेहमी मोकळा.

त्या वर्षी वसंतात ते घडलं. दोग्यू दोघा गाडीवाल्यांबरोबर माकुळं धरायच्या होडीवर गेला होता. फोन बसमध्येच चार्जिंगला. दुपार होती, माझी गर्दी ओसरली होती. मी भांडी उपडी घालत होते, तर सोदाम दाराशी उभी. वाकलेली, दोन्ही हात पोटावर, ओठ पांढरे.

"मावशी, मला बसू दे इथे."

"काय झालं गं? आई कुठे?"

"आई म्हणाली थोडं थांब. मी थांबले. खूप थांबले."

हात लावला तर अंग तव्यासारखं. मी तिला ओट्यावर निजवलं, रुग्णवाहिकेला फोन केला आणि चप्पल न घालता बसकडे धावले. दार ठोठावलं. ऐकायला कोण? आत शिरले तर ही मागे, पडद्याला डोळे लावून.

"रानही! पोरगी बघ!"

तिने कानावरचा एक गोळा जरासा उचलला. वळली नाही. म्हणाली, "दोनच पानं राहिलीत, मावशी. तिला म्हणावं, आलेच."

मी तिच्या दंडाला धरून तिला उभी केली. तेव्हा कुठे ती भानावर आली आणि किंचाळत धावली.

अपेंडिक्स फुटलं होतं. पोटभर पू. मोठ्या इस्पितळात पोर बरेच दिवस होती, दोनदा पोट उघडावं लागलं. वाचली. त्याच दिवशी संध्याकाळी दोग्यू आला, माकुळांच्या वासासकट, आणि रानहीला फक्त एवढंच म्हणाला, "एक काम होतं तुझं. एक. पोरीकडे बघ."

ती म्हणाली, "तू कुठे होतास?"

"मी रोज तिच्याबरोबर असतो. एक दिवस नव्हतो."

खरंच होतं ते.

बसमध्ये ड्रायव्हरच्या जागेच्या वर एक बारका कॅमेरा असायचा, दिवसभर चालू. पोर काही गोड वागली-बोलली तर सुटू नये म्हणून. त्या दुपारचं सगळं त्यात आलं होतं. सोदाम येते, आईची बाही ओढते. आई हात मागे हलवते. सोदाम जमिनीवर बसते. पुन्हा उठते, पुन्हा ओढते. पुन्हा तोच हात. मग पोर भिंत धरत धरत दाराबाहेर जाते आणि आईची पाठ हलत नाही.

दोग्यूने ते लोकांना दाखवलं. एक शब्द खोटा नाही. वर स्वतः बसून, डोळे पुसत म्हणाला, "हे मी तुमच्यापासून लपवू शकलो नाही. पण ती माझी बायको आहे. कृपा करून तिला शिव्या देऊ नका."

मग काय! ज्यांना सुचलं नसतं त्यांनाही सुचलं. बघता बघता ती देशातली सगळ्यांत वाईट आई झाली. कोणी विचारलं नाही की बाप कुठे होता. लोकांनी ती रंगवत असलेली चित्रकथा हुडकून काढली आणि तिच्याखाली लिहिलं, या निळ्या रंगात एका पोरीचं रक्त आहे. स्टुडिओच्या बाईचा फोन आला. तीच साखर.

"आम्ही तुमचं नाव काढतो हं, ताई, तुमच्याच भल्यासाठी. काम चालू ठेवा. दर मात्र नवख्यांचा लागेल. आमच्यावरही ताण आलाय ना."

मी रागाने म्हटलं, "तू का नाही बोलत? सांग ना लोकांना, ती बस कोणाच्या मनगटावर चालत होती!"

"सांगून? मावशी, व्हिडिओ खोटा नाही. मी वळले नव्हते."

"अगं पण…"

"मी वळले नव्हते," ती परत म्हणाली.

सोदामला इस्पितळातून सोडलं त्या दिवशी तिघं माझ्याकडे जेवायला आली. रानहीने आधीच ठरवलं होतं. माझ्या खानावळीवरची खोली तिने माझ्याकडून मागून घेतली होती. भात वाढला तसं ती पोरीला म्हणाली, "सोदाम, मी आता बसमध्ये राहणार नाही. वरती राहणार आहे. इथे शाळा आहे. तू माझ्याजवळ राहा."

दोग्यू जेवत राहिला. मी बघत होते, त्याच्या तोंडावर भीती नव्हती. त्याला उत्तर ठाऊक होतं.

सोदामने वाटीत चमचा फिरवला. "तुझ्याजवळ राहून काय करू? तुझी पाठ बघत बसू?"

"मी काम कमी करीन."

"तू दर वेळी तेच म्हणतेस." मग बापाकडे बघून, हसू दाबत तिने हात मागे हलवला, "शू!"

दोग्यूलाही त्या वेळी हसू आलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

पुढे घटस्फोट झाला, कोर्टात तो व्हिडिओ पुन्हा दाखवला. पोर बापाकडे गेली. पोरीच्या खर्चाला दरमहा आईने पैसे द्यायचे ठरलं, कारण दोघांत नियमित कमाई तिचीच. म्हणजे बस पुढे गेली आणि तिच्यात डिझेल अजूनही रानहीच घालत होती. आता निदान खोलीला उजेड होता, पण तिथेही तिने खिडकीला जाड पडदा लावून घेतला. रंग फसवे दिसतात ना.

ती वर राहिली. संध्याकाळी खाली येऊन कांद्याची पात निवडून द्यायची. गावातल्या बायकांनी तिला ओळखलं होतं. कोळणी मासे कापता कापता मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "पोराचं पोट दुखतंय गं, आधी दोन मासे कापते, मग बघते." रानही पात निवडत राहायची. एकदा मी सुरी आपटून उठले तर तिने माझा पदर धरल्यासारखा माझा ॲप्रन धरला. "राहू द्या, मावशी. त्यांना मासे कापायचेत."

मध्ये दोन-तीन वर्षं गेली. गेल्या शरदात बस परत वाहनतळावर लागली. दोग्यू बाहेर आला नाही. सोदाम आली. उंच झाली होती, केस कापलेले. मला वाकून नमस्कार केला. "मावशी, आई वर आहे?"

माझं काळीज सुपाएवढं झालं. वर ओरडून सांगावं असं वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे, तिचं तिला भेटू दे. पोर जिना चढायला लागली तेव्हा दिसलं. एका हातात फोन, अंगरख्याच्या गळ्याला नखाएवढा काळा मायक्रोफोन.

बाकीचं रानहीने नंतर सांगितलं. दार वाजलं तेव्हा ती एक पान पाठवत होती. उठायला थोडा वेळ लागला. उघडलं तर समोर लेक. तिने लेकीला मिठीत घेतलं आणि रडली. सोदामही रडली. मग सोदामने डोळे पुसले, फोन बघितला आणि म्हणाली, "आई, परत एकदा. दारात अंधार होता, तुझं तोंडच दिसलं नाही."

रानहीला तेव्हा कळलं. ती दार लावून आत गेली. पोरीने परत वाजवलं. हिने परत उघडलं. परत मिठी.

"आता छान आलं," सोदाम म्हणाली. "फक्त एकदा अजून. मी आधी काहीतरी बोलते, मग तू."

तिसऱ्यांदाही हिने दार उघडलं. सोदाम 'आई, मी तुला माफ केलं' असं म्हणाली. हिने तिला पुन्हा जवळ घेतलं. रानही म्हणते, तिसऱ्या वेळी पोरीने हात सोडायला उशीर केला. मी खाली होते, मला काही दिसलं नाही. ती म्हणते म्हणून मी सांगते.

सोदाम खाली आली, उभ्या उभ्या कालवण खाल्लं, आणि बस निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तो व्हिडिओ आला. आम्ही दोघींनी माझ्या फोनवर पाहिला. सोदाम जिना चढते. दार वाजवते. थांबते. दार बंदच. ती तशीच थांबलेली. मग एकदम समुद्र, आणि समुद्रासमोर तिच्या खांद्यावर हात टाकून बसलेला बाप. पुढे काही नाही. आईने दार उघडलं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. खाली लोक रडत होते आणि शिव्या देत होते.

मी म्हटलं, "मी लिहिते. मी साक्षीदार आहे. रडून सुजलेले डोळे घेऊन ती पोर माझ्या टेबलाशी जेवली, असं लिहिते."

"नको," रानही म्हणाली. "तीनदा मिठी मारली तिने. एरवी एकदाही मिळाली नसती."

तिने वाटीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं आणि जिन्याकडे वळली. त्या दिवशी तिला एका लग्नाचा भाग द्यायचा होता. मांडवातली माणसं पुष्कळ होती, सगळ्यांचे कपडे रंगवायचे होते.