बाळंतिणींचं रजिस्टर

अर्ज ताईचा होता, सही ताईची होती, पण अक्षर आणि भांडण दोन्ही माझं. आमच्यात हे लहानपणापासून असंच चालत आलं आहे. ताई वडनेरला भाजीच्या वाडीत राबते आणि कोणाला वर मान करून बोलत नाही. मी आंजीत जनरल स्टोअर चालवते आणि कोणी बांगड्या घालून पाहून तशाच परत केल्या तर तिला फाटकापर्यंत ऐकवत पोचवते. त्यामुळे सरकारशी बोलायची वेळ आली तेव्हा ताईनं दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही.

वेळ आली ती अशी. ताईच्या मुलीला दिवस गेले आणि मुलगी सिंगापूरला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. त्याला कोणी फाटा देत नाही. पण डॉक्टरनं पोरीला विमानात बसायची मनाई केली. दोन दिवस ताई रडली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थे येऊ शकत नाई तं मीच जातो. माहेर उचलून नेतो तिच्यापाशी." आता माहेर विमानानं न्यायचं तर त्याला पासपोर्ट लागतो. आणि ताईच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मसाल, आधारवर दुसरं, मतदान कार्डावर तिसरं. पासपोर्टवाल्यांनी सांगितलं, जन्माचा दाखला आणा. ग्रामपंचायतीत नोंदच नव्हती. तहसीलमध्ये सांगितलं, ज्या सरकारी दवाखान्यात जन्म झाला तिथल्या नोंदीची नक्कल आणा, मग आदेश निघेल. तेव्हा पोळा नुकताच झाला होता, आणि बाळ मार्चमध्ये येणार होतं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, कोरा कागद, आणि दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तो वेळ. आईला विचारून विचारून लिहिलं. आई माझ्याकडेच असते. ताईचा जन्म नेमका कधीचा, तर ती म्हणाली, "संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी. साल मले काय मालूम वं? तवा सालं कोण मोजे!" मग मी तिन्ही सालांच्या जानेवारीतली नोंद मागितली. बाळंतिणीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, सगळं ठसठशीत लिहिलं. खाली आणखी दीड पान जोडलं. त्यात पोरीचं पोट, विमान, ताईचं रडणं आणि "आपण इतकी वर्षे झोपा काढल्या काय?" असा एक प्रश्नही होता. अर्ज जितका झणझणीत तितका लवकर हलतो, अशी माझी समजूत. आमच्या गावात अर्धे अर्ज याच समजुतीवर चालतात.

उत्तर दिवाळीच्या तोंडावर आलं, मुदतीच्या आत, एका वाक्याचं. मागणी केलेल्या नावाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून आली नाही. माझ्या दीड पानाबद्दल चकार शब्द नाही.

माझं डोकं फिरलं. चिवड्याचे पोहे तसेच कढईत ठेवून मी दुकानात जाऊन बसले आणि अपिलाचा नमुना भरायला घेतला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पोहे जळून राह्यले ना वं!" मी म्हटलं, "जळू दे! तुह्या पोरीचा जन्मच झाला नाही म्हणतात!" ताईला फोन केला तर ती म्हणे, "जाऊ दे, नसन नोंद." जाऊ दे! माझ्या बहिणीच्या तोंडी हे दोन शब्द आले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी तिला सांगितलं, "तू फक्त सही करजो, बाकी तोंड बंद ठेवजो."

सुनावणी दवाखान्यातच होती, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. आम्ही तिघी गेलो. आईला न्यायचं काही कारण नव्हतं, पण ती नवं लुगडं नेसून सकाळी सातलाच ओट्यावर बसलेली. म्हणाली, "जलम म्या देल्ला, अन् मीच घरी बसू काय?"

मी रात्रभर मुद्दे काढले होते. कलम अमुक, कलम तमुक, अभिलेख जतन, कसूर. डॉक्टर गृहस्थ शांत निघाले, त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "बोला." मी बोलले. चांगली दहा मिनिटं बोलले. त्यांच्या बाजूला रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मॅडम बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे न बघता आईकडे वळल्या.

"आजी, तुमाले इथं भरती कोणं केलतं?"

"माह्या भावानं. दुसरं कोण करन? पहिलटकरीण होतो, माहेरी आलतो. बैलगाडीत घालून आणलं त्यानं मले."

"अन् घरधनी?"

"थे कायले येतीन! त्यायले पाचव्या दिवशी समजलं."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे नाव भावानं सांगतलं. मग आजी, भावानं कोणतं नाव सांगतलं असन? सासरचं का माहेरचं? माहं बी लग्नात बदललं होतं. माह्या बापाले थे नवं नाव मरेपर्यंत जमलं नाई."

माझ्या तोंडचं सगळं कलम-बिलम पळालं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेलं नाव, तेच मी अर्जात टाकलं होतं, तेच अपिलात. आईचं त्याआधीचं काही नाव असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगते, मला ते माहीतच नव्हतं. मामा तिला "बाई" म्हणायचे. गावात ती काकू, वहिनी, मावशी. आम्हाला आई. मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. तिलाही माहीत नव्हतं. दोन-दोन पोरी, आणि आईचं नाव एकीलाही ठाऊक नाही! मला इतकी लाज वाटली की मी समोरचा ग्लास उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं. तो ग्लास डॉक्टरांचा होता.

"सांगा ना आजी," मॅडम म्हणाल्या.

आईनं पदर तोंडाला लावला. उखाणा घ्यायला सांगितल्यासारखी लाजली. मग हळूच, जमिनीकडे बघत, तिनं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि तिनं ते सांगायला इतकी वर्षं वाट बघितली आहे. इतकंच सांगते की ते फार गोड नाव आहे आणि तांदळातल्या नावापेक्षा कितीतरी चांगलं.

डॉक्टर म्हणाले, आत्ताच बघून टाका, आणि आम्हा सगळ्यांना रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. मॅडमनी कपाटातून लाल कापडात बांधलेली तीन रजिस्टरं काढली. दुसऱ्या बायांच्या नोंदी आम्हाला दिसू नयेत म्हणून दोन कोरे कागद घेतले आणि एकेक ओळ तेवढी उघडी ठेवत आपणच बघत निघाल्या. पहिल्या रजिस्टरात नाही. दुसऱ्यात नाही. ताईचे ओठ हलत होते, देवाचं काही म्हणत असावी. तिसऱ्याच्या जानेवारीत मॅडमचं बोट थांबलं.

त्यांनी मान वर केली नाही. हजेरी घेतात तसं मोठ्यांदा नाव वाचलं, आईचं माहेरचं नाव, बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट.

आई स्टुलावरून ताडकन उठली. हात वर केला आणि म्हणाली, "हाजर!"

तिचं वय पासष्टच्या पुढे आहे, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून उठायला तिला मी लागते. त्या दिवशी कोणी लागलं नाही. आधी आम्ही सगळ्या हसलो, मॅडमही हसल्या, आणि मग ताई रडायला लागली आणि हसतही होती. मी रडले नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. रडले.

ओळीत सगळं होतं. मुलगी, जिवंत, वजन बेताचं. पहाटेची वेळ. भरती करणाऱ्याच्या रकान्यात "भाऊ" आणि पुढे मामाची सही, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, नुकतंच लिहायला शिकल्यासारखी. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आईनं सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पाह्य, माह्या नावात एक बी चूक नाई केली त्यानं." ताई मात्र साल बघून दचकली. ती आधारवरच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली. मी म्हटलं, "घे, दोन वर्षं फुकटात जवान राह्यली!"

मी जायच्या आधी मॅडमना म्हटलं, माझ्या अर्जातलं ते झोपा काढण्याचं वाक्य तेवढं मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "कायचं मनावर! आम्ही तुमचा अर्ज सगळ्यांले वाचून दाखवला. लय दिवसांनी हसलो." आणि नकलेवर शिक्का मारताना म्हणाल्या, "विमानाचं काय झालं थे कळवजा." मी ओशाळून त्यांना दुसऱ्या दिवशी घरचा चिवडा नेऊन दिला, न जळालेला.

पुढे तहसीलच्या चकरा झाल्या, त्या सांगत बसत नाही. दोन्ही नावांची बाई एकच, असं आईनं शपथेवर लिहून दिलं. अंगठा नाही, सही केली. दाखला आला, पासपोर्ट आला, आणि ताई सातूचं पीठ, डिंकाचे लाडू आणि सुंठ घेऊन नागपूरहून विमानात बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोणाशी भांडण केलं ते विमानतळावर, पिठाच्या डब्यावरून. जिंकलीसुद्धा. बाळ ती पोचल्यावर आठ दिवसांनी झालं. फोनवर बाळाचं रडणं ऐकून मी दुकान बंद केलं आणि गावात पेढे वाटले.

दाखल्यावर आईच्या रकान्यात दोन्ही नावं छापली आहेत, माहेरचं आधी. आईनं त्याची एक प्रत माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली आणि दुकानात, गल्ल्याच्या मागे, लावायला लावली. गिऱ्हाईक बांगड्या बघता बघता विचारतं, "काकू, हा कोणाच्या जलमाचा दाखला व्हय?"

आई ओट्यावरून उत्तर देते. दर वेळी तेच देते.

"कागद पोरीचा हाय. पण वाचून पाह्य, त्याच्यात मी हाओ."