गयाबाईची भिंत आणि माझं तोंड

चांगलं काम करायला गेलो आणि अख्ख्या गल्लीने मला अडवून धरलं, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरी कळ काढली असणार. काढलीच होती म्हणा. पण नुसत्या तोंडाने.

कळमनुरीला माझं मोटार वायंडिंगचं दुकान. आमचं चर्च लहान, मोजक्या घरांची मंडळी. पण त्यात योसेफदादा पक्के गवंडी आहेत, एकजण वेल्डिंगवाला आहे, आणि बाकीचे माझ्यासारखे घमेली उचलणारे. उन्हाळा लागला की आजूबाजूच्या गावात ज्याला कुणी नाही आणि ज्याचं घर पडायला आलंय, अशा एखाद्याचं घर आम्ही नीट करून देतो. जात-धर्म विचारत नाही.

यंदा आखाडा बाळापूरच्या पुढच्या एका खेड्यातली गयाबाई ठरली. एकटी म्हातारी. मागची मातीची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली, पत्र्यांची चाळण झालेली. चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या ताई, तिला दवाखान्यात भेटल्या होत्या आणि ‘घराचं बघू’ असं मोघम बोलून आल्या होत्या. आता जाऊन माप घ्यायचं आणि कोणत्या वारी येणार ते सांगायचं, एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, मी जातो. एवढंसं काम, त्यात काय चुकणार?

मी गेलो तेव्हा गयाबाई हळद काढायला गेलेली. मी टेप काढून भिंत मोजली, पत्रे मोजले. शेजारच्या रुक्मिणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. गाडीला किक मारता मारता मी त्यांना सांगितलं, “सोमवारी माणसं घेऊन येतो. गयाबाईला म्हणावं, घर खाली करून ठेवा. पत्रे काढायचेत, मागली भिंत पाडायचीय.”

आणि निघून आलो. मी कोण, कुठला, पाडायचं ते कशासाठी, यातला एक शब्द नाही. मला वाटलं, ताईंनी सगळं सांगितलेलंच असेल.

आता त्या गावात रस्ता रुंद होणार आणि कडेची घरं जाणार, अशी कुजबुज चालली होती, हे मला काय ठाऊक? आणि गयाबाईचं घर अगदी रस्त्याला लागून.

सोमवारी आम्ही टेम्पोतून उतरलो. हातात पहारी, टिकाव, घण; विटा मागे ताडपत्रीखाली झाकलेल्या. दारात बाया बसलेल्या, त्यांच्या मागे गडी उभे. मी योसेफदादांना म्हणालो, बघा, लोकांना किती कदर आहे. मग टेम्पोच्या फाळक्यावर चढून भाषणच सुरू केलं. म्हटलं, काळजी करू नका, आज ह्या घराचं काम करूनच जाणार. दुपारपर्यंत वरचं सगळं खाली येईल, मग भिंत झोपवू.

टाळ्या काही पडल्या नाहीत.

रुक्मिणबाईंनी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून आलात? मी म्हटलं, चर्चच्या. मागच्या एका म्हाताऱ्याला ते बराबर ऐकू गेलं नाही. तो बाजूच्याला म्हणाला, “पाडायचा खर्च बी आपल्याकडूनच घेऊन राहिले म्हणं.”

झालं. कुणीतरी टेम्पोची चावी काढून घेतली. एका दणकट बाईने आमचा घण ओढला, आडवा टाकला आणि त्याच्यावरच बसली. योसेफदादा माझा शर्ट ओढत होते, खाली उतर म्हणून. पण लोकांना आपलं कळत नाही असं दिसलं की आपण काय करतो? तेच जास्त जोरात सांगतो. मी ओरडून म्हणालो, अहो, हे घर तसंही राहण्याच्या लायकीचं नाही.

यावर जो गलका उठला, त्यात मला माझाच आवाज ऐकू येईना.

तेवढ्यात दारातल्या बायांमधून गयाबाई उठली. हळदीने तळहात पिवळे झालेले. गलका आपोआप थांबला.

“साहेब,” ती म्हणाली, “घर वाईट हाय, ते मला बी दिसतंय. पण पाडल्यावर म्या राहू कुठं?”

मी म्हटलं, “थोडे दिवस रुक्मिणबाईकडं राहा मावशी. भिंत वाळली की या परत.”

“कोणची भिंत?”

“नवी. विटांची. ती बांधायलाच तर आलो आमी.”

मग रुक्मिणबाई म्हणाल्या, “मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं?”

लिंबाखाली एक पेटी, चार भांडी आणि गोधडीचं बोचकं ठेवलेलं दिसलं. गयाबाईने खरंच घर खाली केलं होतं. निरोप मिळाल्यापासून ती धड जेवली नव्हती, असं रुक्मिणबाईंनी सांगितलं. मी फाळक्यावरून उतरलो आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या, आधी विटा उतरवा.

मग त्याच बायांनी रांग करून विटा उतरवल्या. चावी मिळाली. घणावरची बाई मात्र योसेफदादांनी जुन्या भिंतीला ओळंब्याची दोरी लावून ती किती कललीय ते दाखवल्यावरच उठली. खर्चवाल्या म्हाताऱ्याने रोज चहा पाजला.

भिंत उभी राहिली, नवे पत्रे चढले. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब आणि ताई आल्या. छोटीशी प्रार्थना झाली. मग पाळकसाहेबांना काय सुचलं कोण जाणे. मला म्हणाले, भाऊ, तुम्ही दोन शब्द बोला.

मी घसा साफ केला, तशी गयाबाई लगबगीने पुढे आली आणि तिने पाळकसाहेबांना हात जोडले.

“त्यायला नगा बोलू देऊ, साहेब. भिंत अजून वली हाय.”