दरेकशाच्या सात बंड्या

"जसं झालं तसं लिवा, बाबू."

कामठ्याचे पाटील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी अर्ज लिहून घ्यायला आले की आधी हेच सांगत. लिहून झालं की न वाचताच सही ठोकत. तुम्ही म्हणाल, भोळा माणूस. भोळा नव्हे हो, माझ्यावर भरवसा होता त्यांचा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत ते उभे राहिले आणि चक्क निवडून आले. मग खर्चाचा तक्ता भरायला माझ्याकडे आले.

"दरेकशाच्या लोकायनं प्रचाराले सात बंड्या देल्या, वरून जेवणाचे तांदूळ. लिवाचं का?"

"बैलगाड्यांचे पैसे दिले?"

"पाहुणा ताटाचे पैसे देते का?"

मला पटलं. पाहुणचाराला किंमत लावणं म्हणजे घरधन्याचा अपमानच. मी त्या रकान्यात 'निरंक', म्हणजे काहीच नाही, असं लिहिलं. त्यांनी सही केली.

हरलेल्या उमेदवारानं तक्रार गुदरली. फुकट मिळालेलंही दाखवावं लागतं म्हणे, नाही दाखवलं तर गुन्हा! आमदारकी जाणार, वर पुढच्या निवडणुकीलाही बंदी. चौकशीच्या सकाळी मी त्यांना बाजूला ओढलं.

"पाटील, माझं नाव सांगा. नाहीतर बंड्या आल्याच नाहीत म्हणा. कोण येऊन राहिला साक्षीला?"

"काऊन? आल्या होत्या ना!"

आत चौकशीच्या साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. "ये निरंक किसने लिखा?"

मी भिंतीशी उभा. सांगावं, मी लिहिलं. पण जीभ उचलेना. पाटलांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"सही माही आहे, साहेब. बंड्या सात होत्या."

आमदारकी गेली. बाहेर येऊन मीच भडकलो, "हा काय कायदा झाला? चोर आणि चुकलेला एकाच दावणीला!"

"हळू, बाबू. चोरबी हेच म्हनते."

त्या भिंतीशी नुसतं उभं राहिल्याची लाज आजही जात नाही.

पुढे ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. चार वर्षांनी गेलेच. तेरवीच्या सकाळी दरेकशाहून बंड्या आल्या, आदल्या दिवशी निघालेल्या, तांदूळ घेऊन. पाटलीणबाईंनी माझ्या हाती वही दिली.

"कोनं काय आनलं ते लिवा, बाबू. हे सांगून गेले."

मी मोजून लिहिलं : दरेकसा, बंड्या सात. जसं झालं तसं. खाली सहीची जागा सोडली होती, सवयीनं.